अंतर्कर्ण आणि त्याची एकमेव रोहिणी

भोवळ आली की पित्त वाढले आणि ऐकू येईनासे झाले की कानात मळ साठला, असा निष्कर्ष काढण्याची रीत शहरात व खेड्यात सारखीच आढळते. पुष्कळदा तो खराही ठरतो. परंतु दोन्ही तक्रारी एकाच वेळी, अचानक उद्भवल्या तर कानाच्या रक्तपुरवठ्याची शंका प्रथम घ्यावयास हवी.

ऐकणे व तोल सांभाळणे ही दोन्ही कार्ये अंतर्कर्णात चालतात. तेथील शंखाकृती नलिका ध्वनिकंपनांचे विद्युत्संदेशांत रूपांतर करते. तीन अर्धवर्तुळाकृती नलिका व त्यांलगतच्या दोन पिशव्या डोक्याची हालचाल मेंदूस कळवितात. या सर्वांस रक्त पुरविणारी मुख्य रोहिणी मात्र एकच, आणि तीही अत्यंत बारीक. बहुधा ती लहान मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीची शाखा असते. इतरत्र एखादी रक्तवाहिनी तुंबल्यास शेजारच्या वाहिन्या काही भार उचलतात. अंतर्कर्णास तशी सोय जवळजवळ नाही. एकाच पाटावर भिजणाऱ्या वाफ्यासारखी ही स्थिती होय. प्राण्यांवर १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही रोहिणी दाबून धरताच श्रवणाचे विद्युत्संदेश मिनिटाभरात मावळल्याचे दिसले. प्रवाह लवकर सुरू केल्यास ते परतत. दीर्घ विलंबानंतर नाही. माणसाच्या शंखाकृती नलिकेत सुमारे १५,००० केशपेशी असतात व नष्ट झालेली पेशी पुन्हा निर्माण होत नाही.

मूळ रोहिणीच तुंबल्यास तो पक्षाघात असतो. एका कानाचा बहिरेपणा, गरगरणे, चालताना झोक जाणे, चेहरा वाकडा होणे किंवा बोलणे अडखळणे ही त्याची चिन्हे. आरंभीचा सीटी स्कॅन निर्दोष आला म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे. मेंदूच्या या भागातील बिघाड त्यात अनेकदा दिसत नाही. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून लिंबूपाणी देऊन पडून राहावयास सांगण्यापेक्षा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे श्रेयस्कर. एकाएकी आलेल्या प्रत्येक बहिरेपणाचे मूळ रक्तप्रवाहात नसते हे खरे. तथापि केवळ बहिरेपणा असला तरी कानाच्या तज्ज्ञाकडे त्वरित जावे, कारण त्यावरील स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच अधिक होतो.

रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांनी रक्तवाहिन्या अरुंद होतात, हे सर्वश्रुत आहे. सिकलसेलकडे मात्र या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत आढळणाऱ्या या आनुवंशिक विकारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि श्रवणशक्तीस इजा पोचू शकते. असा विद्यार्थी हाकेला ओ देत नसेल, तर शिक्षकाने त्यास दुर्लक्षाबद्दल रागावण्यापूर्वी त्याची श्रवणचाचणी करवून घ्यावी.