एक मत, एक नोट : वर्गणीतून उभे राहिलेले राजकारण

निवडणूक म्हटली की पैसे वाटणारा उमेदवार डोळ्यांपुढे येतो. जून १९८८ च्या अलाहाबाद लोकसभा पोटनिवडणुकीत मा. कांशीराम मतदारांकडेच पैसे मागत फिरले. एक मत द्या आणि त्यासोबत एक नोट द्या, एवढीच मागणी. निवडून आले व्ही. पी. सिंग, कांशीराम तिसरे. परंतु सुमारे सत्तर हजार मते त्यांना पडली आणि बहुजन समाज पक्षाची दखल देशाने घेतली.

एकेका रुपयाने प्रचाराचा खर्च भागतो काय? भागत नाही. सत्तर हजार माणसांनी दिला तरी सत्तर हजारच होतात. या मागणीतला खरा लाभ पैशाचा नव्हता. ज्या शेतमजुराने पदरचा रुपया दिला, त्याला उमेदवार आपला वाटतो. मतदानाच्या आदल्या रात्री दाराशी आलेली नोट घेताना त्याचा हात अडखळतो. शिवाय वर्गणी मागायला वस्तीत जावे लागते, ओट्यावर बसावे लागते, प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. सभेत भाषण ठोकून हे होत नाही.

या रीतीचे मूळ आपल्या पुण्यात आहे. तेथील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत कांशीराम नोकरीस होते. बाबासाहेबांच्या व बुद्धांच्या जयंतीची सुट्टी रद्द झाल्यावर दीनाभाना या कर्मचाऱ्याने विरोध केला, त्याला निलंबित केले गेले, आणि कांशीराम त्याच्या पाठीशी उभे राहिले. पुढे डी. के. खापर्डे आदी सहकाऱ्यांसह ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ स्थापन झाली. आरक्षणामुळे नोकरीत आलेल्यांनी समाजाचे ऋण बुद्धी, वेळ व पैसा देऊन फेडावे, हा तिचा विचार. सरकारी नोकराला राजकीय चळवळीत भाग घेण्यास, तिला वर्गणी देण्यासही सेवानियमांची मनाई असते. म्हणून बामसेफ बिगर-राजकीय ठेवली. १९८१ साली डी.एस.-४ आली आणि पक्ष निघाला १४ एप्रिल १९८४ रोजी. म्हणजे देणारा वर्ग आधी घडला, पक्ष शेवटी. आपल्याकडे बहुधा फलक आधी लागतो, पावतीपुस्तक नंतर छापले जाते!

या पद्धतीची एक दुबळी बाजूही अभ्यासली पाहिजे. २०,००० रुपयांहून मोठ्या देणगीदारांची यादी पक्षांनी निवडणूक आयोगाला द्यावी, असा २००३ पासून कायदा आहे. बसपने अनेक वर्षे अशी एकही देणगी मिळाली नसल्याचे कळविले. ही लहान माणसांच्या वर्गणीची खूण, असे पक्षाचे समर्थक म्हणतात. लहान रकमांत नावच नोंदले जात नसल्याने ते तपासता येत नाही, असे टीकाकार म्हणतात. मला टीकाकारांचे म्हणणे सोडून देता येत नाही. एक रुपया देणाऱ्याला पावती मिळाली नाही, तर हिशोब विचारताना तो काय दाखवणार?

आपल्या मंडळाचा पैसा धर्मादाय कामाचा. तो कोणत्याही उमेदवाराला देता येत नाही. सभासदाने वैयक्तिक वर्गणी द्यावयाची असल्यास स्वतःचे सेवानियम आधी पाहावेत, आणि रक्कम कितीही लहान असो, पावती मागून घ्यावी.