कोरड्या खड्यातले पाणी : झिंक सल्फेटचा हिशेब



लागणीच्या दिवसांत गट ऑफिसात एक सभासद दोन पिशव्या घेऊन आले. दोन्हींवर झिंक सल्फेट असेच छापलेले. एकीवर जस्त २१ टक्के, दुसरीवर ३३ टक्के. म्हणाले, "साहेब, माल एकच, मग ह्या दुसरीला किलोमागं जादा पैसे कशापायी? दुकानदार फसवतोय." दुकानदार फसवत नव्हता. फरक होता तो पाण्याचा.

पाणी म्हणजे माल ओला, असे नव्हे. खडा हाताला कोरडा ठणठणीतच लागतो. पण काही क्षारांचे खडे पाण्यातून तयार होताना पाण्याचे ठरावीक रेणू स्वतःत बांधून घेतात. हे स्फटिकजल, आणि असा क्षार म्हणजे हायड्रेट. नावाची रीत सोपी आहे. आधी क्षाराचे नाव, मग पाण्याच्या रेणूंचा आकडा, शेवटी हायड्रेट. मोनो म्हणजे एक, डाय दोन, पेंटा पाच, हेप्टा सात, डेका दहा. २१ टक्केवाले ते झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट, ३३ वाले मोनोहायड्रेट. आपले मोरचूद हे कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट, तर जिप्सम हे कॅल्शियम सल्फेट डायहायड्रेट.

आता कागद-पेन्सिल घ्या. जस्ताचा अणुभार ६५.४, गंधक ३२, ऑक्सिजनचे चार अणू ६४, बेरीज १६१.४. पाण्याचा एक रेणू १८, म्हणून सात रेणू १२६. एकूण रेणुभार २८७.४. १२६ ला २८७.४ ने भागून १०० ने गुणले की ४३.८ येतात. म्हणजे क्विंटलभर मालात जवळजवळ ४४ किलो पाणी! जस्त फक्त २२.८ किलो. मोनोमध्ये रेणुभार १७९.४, पाणी १० टक्के, जस्त ३६.५ टक्के. बाजारातला माल अगदी शुद्ध नसतो, म्हणून खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे जस्त किमान २१ आणि ३३ टक्के असावे लागते.

उसाला कमतरता असेल तिथे हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट सांगतात ते हेप्टाच्या हिशेबाने. त्यात जस्त ४.२ किलो. तेवढेच जस्त मोनोच्या पावणेतेरा किलोत मिळते. आमचे सभासद मोनोही २० किलोच टाकणार होते! सात किलोंचे पैसे मातीत गेले असते.

दरही जस्तावर काढावा. समजा (आकडे नुसते उदाहरणाचे) हेप्टा ६० रुपये किलो, मोनो ९० रुपये. ६० ला ०.२१ ने भागा, किलोभर जस्त २८६ रुपयांना पडले. ९० ला ०.३३ ने भागा, २७३ रुपये. महाग वाटणारी पिशवीच स्वस्त निघाली. दोन्ही पिशव्या कोऱ्या मालाच्या असल्या तरच हा हिशेब लागू, म्हणून लेबल वाचावे आणि पक्की पावती घ्यावी.

पाणी खरेच असते का, हे पाहायचे असेल तर मोरचुदाचा बारीक चुरा जुन्या पत्र्यावर मंद आचेवर तापवा. निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरेल. गार झाल्यावर पाण्याचे दोन थेंब टाकताच पुन्हा निळी होईल. १०० ग्रॅममधले ३६ ग्रॅम पाणी असते. मोरचूद विषारी, तेव्हा तो पत्रा स्वयंपाकघरात नेऊ नये, पोराबाळांना लांब ठेवावे.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट. लोहाचा अणुभार ५५.८ धरून त्यातले पाणी घरी काढून पाहा. उत्तर ४५ टक्क्यांच्या थोडे वर आले पाहिजे. नाही आले तर कागद घेऊन गट ऑफिसात या.

— ऊस विकास अधिकारी