मांसल कोंबड्यांचे खाद्य आणि पचनसंस्थेचे आरोग्य
भरड किती जाड, किती बारीक?

सिल्वासा परिसरातील खडोली हे गाव आज दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशात मोडते. महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यालगतच्या या पट्ट्यात भात हे मुख्य पीक असून नागली व तूरही घेतली जाते. कारखानदारीचा विस्तार झाला असला, तरी या भागातील वारली, कोकणा व धोडिया कुटुंबांच्या अंगणातून गावठी कोंबडी नाहीशी झालेली नाही. झोडणीनंतर खळ्यावर सांडलेले भाताचे अख्खे दाणे, नागली, किडे, कोवळा पाला आणि बारीक खडे असा तिचा आहार असतो. त्यात प्रथिनांचा हिशेब नसतो की जीवनसत्त्वांचे मोजमाप नसते. तथापि एका बाबतीत तो पोत्यातील शास्त्रशुद्ध खाद्याहून उजवा ठरू शकतो : तो पक्ष्याच्या पचनेंद्रियांना काम देतो.

मांसल कोंबडी, अर्थात ब्रॉयलर, हा निराळ्या परिस्थितीत वाढणारा पक्षी होय. सुमारे ४० ग्रॅम वजनाचे एकदिवसीय पिल्लू सहा आठवड्यांच्या आत दोन किलोग्रॅमच्या पुढे जाते. या वाढीचा सर्व भार खाद्यावर असतो, आणि उत्पादनखर्चातील सर्वांत मोठा वाटाही खाद्याचाच असतो. म्हणून खाद्यात काय घातले आहे याकडे कुक्कुटपालक बारकाईने पाहतो. ते खाद्य किती जाड वा किती बारीक दळले आहे, याकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. अशा गावांतून हजार-पाचशे पक्ष्यांचे शेड उभारू पाहणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने ही बाब नफ्या-तोट्याची ठरू शकते.

पोटातील जाते

पक्ष्यांना दात नसतात. चोचीने उचललेला कण जवळजवळ जसाच्या तसा गळ्याजवळील अन्नपिशवीत जातो व तेथे थोडा वेळ भिजतो. पुढे ग्रंथिल जठरात त्यात आम्ल व पाचक रस मिसळतात आणि मग तो पेषणीत पोहोचतो. पेषणी म्हणजे कोंबडीच्या दुकानात कलेजीबरोबर मिळणारा ‘पेटा’. जाड स्नायूंचे हे इंद्रिय म्हणजे पक्ष्याच्या पोटातील जातेच होय. त्याच्या आतील बाजूस कठीण अस्तर असते. मिनिटाला दोन ते चार वेळा आकुंचन पावून ते दाणा भरडते.

या इंद्रियाच्या बळाविषयी शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून कुतूहल होते. अठराव्या शतकात फ्रान्समधील रेओम्यूर व इटलीतील स्पालान्झानी यांनी पक्ष्यांना धातूच्या नळ्या व काचेच्या गोळ्या गिळावयास लावून पाहिले. नळ्या चेपल्या गेल्या व काचेचा चुरा झाला.

पेषणीचे काम केवळ दळण्याचे नाही. जाड कण पुरेसे बारीक होईपर्यंत ती त्यांना पुढे सोडत नाही. त्यामुळे अन्न आम्लाच्या संपर्कात अधिक काळ राहते, प्रथिनांच्या पचनास प्रारंभ होतो आणि खाद्याबरोबर आलेल्या अनेक अपायकारक जंतूंना तेथेच अटकाव होतो. पेषणीच्या जोरकस आकुंचनांमुळे अन्नरस काही वेळा आतड्यातून मागे येऊन पुन्हा घुसळला जातो. थोडक्यात, पेषणी ही आतड्याच्या दारावरील राखणदार आहे.

पिठूळ खाद्याचे परिणाम

स्नायूला काम मिळाले तर तो वाढतो, न मिळाल्यास रोडावतो. पेषणीलाही हाच नियम लागू पडतो. खाद्य पिठासारखे बारीक असेल, तर दळण्यासारखे काहीच उरत नाही. अन्न पेषणीत न रेंगाळता पुढे सरकते. काही दिवसांतच पेषणी लहान व मऊ पडते, तर तिच्या अगोदरचे ग्रंथिल जठर पिशवीसारखे फुगते. पेषणीतील आम्लताही कमी होते.

पुरते न पचलेले प्रथिन आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत गेले, की तेथील जंतूंना ते आयते खाद्य मिळते. आतड्यांचा दाह, पातळ विष्ठा, ओली गादी, गादीतून उठणारा अमोनियाचा उग्र वास आणि तळपायावरील व्रण अशी ही साखळी आहे. अर्थात ओल्या गादीला गळकी पाण्याची भांडी, खाद्यातील जादा मीठ, रक्ती हगवण अशी अन्यही कारणे असतात. त्यांचा शोध घेतल्यावाचून सर्व दोष भरडीच्या माथी मारणे योग्य नव्हे.

पिठूळ खाद्याचा आणखी एक तोटा डोळ्यांना दिसणारा आहे. पीठ चोचीला चिकटते, पाण्याच्या भांड्यात उतरते व पाणी आंबते. धूळ उडून खाद्य वाया जाते आणि पक्ष्यांच्या श्वसनमार्गालाही त्रास होतो.

भरडा, चुरी आणि गोळी

बाजारात मांसल पक्ष्यांचे खाद्य तीन रूपांत मिळते. धान्य व पेंड दळून केलेले मिश्रण म्हणजे भरडा किंवा मॅश. ते वाफवून साच्यातून दाबून काढले की गोळी, म्हणजे पेलेट तयार होते. गोळी फोडून केलेली चुरी म्हणजे क्रम्बल.

गोळीचे लाभ निर्विवाद आहेत. पक्ष्याला खाण्यास कमी वेळ व श्रम लागतात, सांडलवंड कमी होते, आवडीचा कण निवडून बाकीचे टाकता येत नाही आणि वजन लवकर वाढते. म्हणूनच मोठ्या प्रमाणावरील ब्रॉयलर व्यवसायात गोळी खाद्य रूढ झाले.

परंतु गोळी बाहेरून जाड असली, तरी आतून ती पीठच असू शकते. अन्नपिशवीत भिजताच ती विरघळते आणि पेषणीपर्यंत पोहोचतात ते मूळ दळणाचेच कण. शिवाय साच्यातून दाबली जाताना जाड कणही आणखी भरडले जातात. डेन्मार्कमधील, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोळी खाद्यावरील पक्ष्यांची पेषणी भरड्यावरील पक्ष्यांच्या मानाने हलकी आढळली व तिच्यातील आम्लताही कमी होती. आतड्यातील जंतूंच्या बाबतीत मात्र चित्र संमिश्र होते. काही जंतू गोळीवर वाढलेले, तर काही उलट घटलेले दिसले. यावरून गोळी त्याज्य ठरत नाही. गोळी करण्यापूर्वी धान्य अनावश्यक बारीक दळू नये, एवढाच बोध घ्यावयाचा.

प्रतिजैविकांच्या संदर्भात महत्त्व

पूर्वी आतड्यांचे असे दोष खाद्यात प्रतिजैविके मिसळून झाकले जात. हा मार्ग आता बंद होत चालला आहे. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यावर १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. भारतात केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा खाद्योत्पादक पशुपक्ष्यांतील वापर मना केला. माणसाच्या गंभीर आजारात हे औषध अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवावे लागते. अशा स्थितीत पक्ष्याच्या अंगचे नैसर्गिक संरक्षण सांभाळणे अगत्याचे आहे, आणि कार्यक्षम पेषणी हा त्याचा एक आधार आहे.

वयानुसार भरड

भरडीचे प्रमाण ठरविताना घरातील दळणाची उपमा उपयोगी पडेल : पीठ नको, अख्ख्या कण्याही नकोत, रवा हवा. मका किंवा ज्वारीवर आधारलेल्या भरड्यात कणांचा सरासरी आकार ०.६ ते ०.९ मिलिमीटर असावा, असे संशोधनाच्या आढाव्यांतून सुचविले गेले आहे. बारीक व जाड रव्याच्या दरम्यानची ही भरड होय.

पहिल्या सुमारे दहा दिवसांत पिल्लाची चोच लहान व पेषणी कोवळी असते. या काळात एकसारखी, बारीक चुरी अथवा रवाळ भरडा द्यावा. दुसऱ्या आठवड्यानंतर कण क्रमाने जाड करावेत आणि शेवटच्या टप्प्यात सुमारे ३ ते ४ मिलिमीटर जाडीची गोळी द्यावी. बदल एका दिवसात न करता दोन-तीन दिवस जुने व नवे खाद्य मिसळून करावा.

कण फार विषम असणेही हितावह नाही. जाड तुकडे बलवान पक्षी निवडून खातात. तळाशी उरलेले पीठ, ज्यात क्षार व जीवनसत्त्वे असतात, ते दुबळ्यांच्या वाट्यास येते. परिणामी कळपात लहानमोठे पक्षी दिसू लागतात. घरी भरडा तयार करणाऱ्यांनी यंत्राची जाळी फाटलेली नाही व हातोडे झिजलेले नाहीत, याची वेळोवेळी खात्री करावी.

युरोपातील अनेक देशांत गोळीबरोबर थोडा अख्खा गहू देण्याची प्रथा आहे. त्यामुळे पेषणी बळकट होते. आपल्याकडे मात्र स्वतःच्या अंदाजाने पोत्यात धान्य मिसळू नये. धान्यामुळे प्रथिने, क्षार व रक्ती हगवणीचे प्रतिबंधक औषध या सर्वांचे प्रमाण पातळ होते. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने संपूर्ण खाद्याचा मेळ बसवूनच असा प्रयोग करावा.

चाळणीची परीक्षा

करार पद्धतीत पिल्ले, खाद्य व औषधे कंपनी पुरविते आणि पुष्कळ ठिकाणी पालकाचा मोबदला किती खाद्यात किती वजन वाढले यावर ठरतो. खाद्य निवडणे पालकाच्या हाती नसते. ते तपासणे मात्र असते. त्यासाठी पुढील साधी परीक्षा उपयुक्त आहे.

(१) पोत्याच्या तोंडाचे, मधले व तळाचे मिळून एक किलो खाद्य घ्यावे.
(२) भरडा असल्यास प्रथम रव्याच्या व नंतर पिठाच्या चाळणीतून चाळावा व प्रत्येक भाग वेगळा तोलावा. पिठाचा भाग निम्म्याच्या आसपास भरल्यास दळण सदोष समजावे.
(३) गोळी असल्यास गळून पडलेला भुसा तोलावा. तो साधारणपणे १०० ग्रॅमच्या आत असावा.
(४) मूठभर गोळ्या पाण्यात भिजवाव्यात व विरघळल्यावर तळाचा कण बोटांनी चाचपावा. कण रवाळ लागला तर ठीक. नुसता चिखल झाला तर दळण अतिबारीक आहे.
(५) तारीख, पोत्यावरील क्रमांक व वजने वहीत नोंदवावीत. अशा नोंदीमुळे पुरवठादाराकडे करावयाच्या तक्रारीस आधार मिळतो.

ही खटपट किती मोलाची आहे, हे साध्या हिशेबावरून कळेल. हजार पक्षी प्रत्येकी दोन किलोचे झाले आणि एक किलो वजनास १.६ किलो खाद्य लागले, तर एकूण खाद्य ३,२०० किलो होते. हेच प्रमाण १.७ झाले, तर ३,४०० किलो. म्हणजे ५० किलोची चार पोती अधिक खर्ची पडली, आणि तीही एकाच कळपात.

पेटा काय सांगतो?

विक्रीसाठी कापलेल्या निरोगी पक्ष्याचा पेटा अवश्य पाहावा. तो घट्ट, मांसल व दाण्यांच्या कणांनी भरलेला असावा. तो लहान व लिबलिबीत असून शेजारचे जठर फुगलेले असेल, तर खाद्याची भरड तपासावी. अस्तर काळवंडलेले वा खरवडलेले दिसल्यास कारण निराळे असू शकते. फाजील उष्णता दिलेल्या मासळीच्या कुटीमुळेही असे व्रण पडतात.

अकस्मात मरतूक झाली असता मात्र मेलेला पक्षी स्वतः कापू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला होता, याचे विस्मरण होता कामा नये. अशा वेळी ताबडतोब नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

पावसाळ्यातील दक्षता

खडोलीसारख्या अतिवृष्टीच्या भागात जून ते सप्टेंबर हा खाद्याच्या कसोटीचा काळ असतो. दमट हवेत गोळी फुटते, भरड्याला बुरशी लागते व बुरशीचे विष यकृतावर आघात करते. पोती भिंतीपासून दूर व लाकडी फळ्यांवर ठेवावीत आणि थोड्या दिवसांपुरताच साठा करावा. भाताच्या तुसाची गादी रोज हलवून कोरडी ठेवावी. उत्तम भरडीचे खाद्य ओल्या गादीवर वाया गेल्याशिवाय राहत नाही.

खाद्यातील घटकांइतकीच त्याची घडणही महत्त्वाची आहे. गावठी कोंबडीला अख्खा दाणा जे बळ देतो, त्याचा थोडा अंश मांसल पक्ष्याच्याही वाट्यास यावा, एवढाच या विवेचनाचा आशय आहे. त्यासाठी भांडवल लागत नाही. घरातील दोन चाळण्या, एक तराजू आणि नोंदीची वही पुरेशी आहे. कुक्कुटपालकांनी येत्या खेपेचे पहिले पोते उघडताच हा तपास करून पाहावा.