आधी ठिणगी, मग कॉइल

प्रश्न : माझ्या होडीचं जुनं, दोन सिलिंडरचं, पॉइंटवालं आउटबोर्ड इंजिन पावसाळाभर शेडमध्ये होतं. आता दोरी ओढून खांदा दुखला, तरी सुरू होत नाही. प्लग नवे टाकलेत. कॉइल बदलू का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : कॉइल महाग, आणि बहुधा निर्दोष. तिला शेवटी हात लावा. दोन्ही प्लग काढा, वायरला जोडून त्यांचा धातू इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकांपासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते. दोरी ओढा. ठिणगी निळी, कडक आवाजाची हवी. पिवळट, मरतुकडी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली टिकत नाही.

दोन्हीकडे ठिणगी नसेल तर इंजिन बंद करण्याच्या बटणाची वायर सोडवून पाहा. खारट दमटपणाने ते बटण आतल्या आत शॉर्ट होतं.

तरीही नाही? मग संशय पॉइंटवर. चार महिने न वापरलेल्या पॉइंटवर गंजाचा पातळ थर चढतो, डोळ्यांना दिसतही नाही. पॉइंटपर्यंत पोचायला फ्लायव्हील पुलरनेच काढा; हातोडा नको. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा, मग स्पिरिटमध्ये भिजवलेला कोरा पुठ्ठा मधून ओढा, बोटाचं तेलही नको. गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा; बऱ्याच जुन्या मॉडेलांत तो ०.५ मिलिमीटरच्या आसपास असतो. पॉइंट जळून काळे पडले असतील तर कंडेन्सरही बदला. स्वस्त असतो, कंजुषी कशाला?

फ्लायव्हील उघडलंच आहे तर त्याला शाफ्टवर जागेवर धरणारी चावी पाहा. ती अर्धवट कातरली असेल तर ठिणगी पडते, पण भलत्या वेळी, आणि दोरी हाताला उलटा झटका देते.