काळा धूर, पण टर्बो बदलण्याची घाई नको

प्रश्न : माझी २००९ची इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट चढावर ओढत नाही, काळा धूर सोडते. टर्बो बदलू का? – एक वाचक, शिरोली एमआयडीसी

उत्तर : लगेच नको. हे फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन : १२४८ सीसी, ७५ पीएस. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. शिरोलीतल्या फाउंड्रींच्या धुळीने एअर फिल्टर लवकर चोंदतो, तो आधी बघा. मग टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणारे होज. तेलकट डाग दिसला की तिथून हवा निसटत असण्याचा संशय घ्या. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकला असेल, तर साफ करून घ्या. धूर निळसर असेल आणि ऑइल घटत असेल, तर टर्बो तपासा. थंड इंजिन सुरू करताना टायमिंग चेन खडखडत असेल, तर मात्र गाडी चालवू नका. चेन तुटली की व्हॉल्व्ह वाकू शकतात.