पाहुण्या कोडला ओसरी: आत्याचे कानमंत्र

भाचरांनो, दौंडची ताई पुण्याच्या गाडीत मांडीवर लॅपटॉप घेऊन असाइनमेंट करते. शिरूरचा दादा रांजणगाव एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की हजेरीच्या फायली जुळवायला कुणाची तरी पायथन स्क्रिप्ट उतरवतो. लिहिणारा चोर नसेलही, पण तो आपल्या ओळखीचा नाही. अशा कोडला माझा एकच न्याय: पाहुण्याला ओसरी, तिजोरी घरच्यांना.

१. ताई, तू घाईची, म्हणून हे आधी. ‘कर्ल’ने आणलेली स्क्रिप्ट थेट ‘बॅश’ला पाइप करू नकोस, फाईल उतरव, वाच, मग चालव — उरुळी-यवतच्या मध्ये रेंज गेली तर बॅश अर्धी उतरलेली स्क्रिप्टही चालवतो, आणि फोल्डर पुसायची ओळ नेमकी मध्येच तुटली तर भलतंच काही पुसलं जातं.

२. स्क्रिप्टने ‘सुडो’ मागितलं तर कशासाठी ते शोधा, नाही सापडलं तर देऊ नका — रूट झालेल्या प्रोग्रामला, एकाच फोल्डरापुरतं जग दाखवणारं ‘सीएचरूट’ही अडवत नाही. ते १९७९ च्या युनिक्सपासून आहे, पण कोंडवाडा म्हणून बनलेलंच नाही.

३. परक्या कोडसाठी वेगळा यूजर काढा आणि आपल्या होम फोल्डरला ‘सीएचमॉड ७००’ लावा — उबंटू २१.०४ च्या आधी बसवलेल्या मशीनवर होम फोल्डर इतर यूजरना उघडं असायचं.

४. लिनक्सवर ‘बबलरॅप’ हा सँडबॉक्स शिकून घ्या; फ्लॅटपॅक त्याच्याच जोरावर चालतं. ते रिकाम्या फाईलसिस्टिमपासून सुरू होतं आणि तुम्ही द्याल तेवढंच आतल्या प्रोग्रामला दिसतं: ‘यूएसआर’ फक्त वाचायला, कामाचं एक फोल्डर लिहायला, ‘टीएमपी’ कोरं, नेट बंद. एकदा आत शेल उघडून होम फोल्डरची यादी मागून बघा. एसएसएचच्या किल्ल्या नाहीत, ब्राउझरचे पासवर्ड नाहीत, आईच्या सातबाऱ्याची पीडीएफ नाही. जे दिसतच नाही ते चोरीला जात नाही. आणि ‘न्यू-सेशन’चा पर्याय विसरू नका — २०१७ मध्ये लक्षात आलं, की आतला प्रोग्राम तुमच्या टर्मिनलमध्ये अक्षरं ढकलू शकतो. मग तुम्हीच टाइप केल्यासारखी ती कमांड बाहेरच्या शेलमध्ये चालते.

५. नेट चालू ठेवायचं ते पॅकेज उतरवण्यापुरतं, आणि तेही सँडबॉक्समध्येच — इन्स्टॉल करतानाच कोड चालतो. २०२१ च्या ऑक्टोबरात ‘यूए-पार्सर-जेएस’ या लाखोंच्या वापरातल्या एनपीएम पॅकेजमध्ये कुणीतरी असाच कोड घुसवला, आणि इन्स्टॉल करताच मशीनवर क्रिप्टो मायनर येऊन बसला. म्हणून एनपीएमला ‘इग्नोर-स्क्रिप्ट्स’ लावा.

६. आत जाताना एन्व्हायर्नमेंट कोरं करा — टर्मिनलमध्ये एक्सपोर्ट केलेली एपीआय की तिथून चालवलेल्या प्रत्येक प्रोग्रामला आयती मिळते. फायली लपवून ती उघडी ठेवलीत तर उपयोग काय?

७. डॉकर वापरता, चांगलं आहे. पण कंटेनरला डॉकरचं सॉकेट देऊ नका — ते हाती असलं की पूर्ण मशीनचा रूट हाती आला.

८. ‘टाइमआउट’ आणि मेमरीची मर्यादा लावूनच चालवा — वाईट हेतू नसलेला कोडही चुकलेल्या लूपने मशीन गोठवतो.

९. दादा, तुझ्यासाठी खास. लिहायला दिलेल्या फोल्डरात ‘गिट’ असेल तर ते तसंच आत देऊ नकोस, फक्त डेटाची प्रत दे — आतला प्रोग्राम ‘हुक्स’मध्ये फाईल ठेवून शांतपणे संपतो, आणि दुसऱ्या दिवशी तू बाहेर कमिट केलंस की तीच फाईल तुझ्या नावाने, तुझ्या सगळ्या अधिकारांनिशी चालते. मेकफाईलचंही तेच, सँडबॉक्समधून परत आलेलं काहीही ‘डिफ’ पाहिल्याशिवाय चालवायचं नाही.