दोन पट्ट्यांचा प्रयोग व संगणकावरील हिशेब

नवें बीं चांगलें कीं जुनें, याचा निकाल आपणांपैकीं बहुतेक जण एकाच रीतीनें लावतात. एका पट्ट्यांत जुनें पेरावयाचें, शेजारच्या पट्ट्यांत नवें. मळणीनंतर दोन्ही राशी मापावयाच्या, व जी भरेल तिचें बीं पुढील हंगामास विकत घ्यावयाचें. आम्हीही अनेक वर्षें असेंच करीत आलों. परंतु एका पट्ट्याखालीं माती खोल असते, दुसऱ्यांतून पाणी वाहून जातें, तिसरा बांधावरील बाभळीच्या सावलींत येतो. फरक पडला तो बियाचा कीं जमिनीचा, हें त्या दोन राशी सांगूं शकत नाहींत. बियाचे पैसे मात्र खरोखरीचे जातात.

या अडचणीवर तोड इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगक्षेत्रावर निघाली. तेथें १८४३ पासून प्रयोग चालू होते व पीकनोंदींचा मोठा संग्रह सांचला होता. रोनाल्ड फिशर हे गणिती १९१९ सालीं तेथें आले आणि त्यांनीं प्रचरण-विश्लेषणाची पद्धति बसविली. १९२५ सालीं संशोधकांसाठीं तिच्यावर पुस्तकही लिहिलें. तिचें मर्म साधें आहे. प्रत्येक वाणास एक नव्हे, अनेक वाफे द्यावे. कोणता वाफा कोणास, हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें. मग वाणावाणांतील फरक हा एकाच वाणाच्या वाफ्यांत आपसांत पडलेल्या फरकाच्या किती पट आहे, तें पाहावें.

हा हिशेब हातानें करणें कंटाळवाणें खरें. आतां त्यासाठीं 'आर' नांवाची संगणकभाषा विनामूल्य मिळते. ऑकलंड विद्यापीठांतील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं ती रचिली. तिची पहिली पूर्ण आवृत्ति २००० सालीं निघाली. आमचें गणित त्रैराशिकापाशीं थांबलेलें. तरी दररोज तासभर बसून आम्ही ती शिकूं लागलों.

या भाषेसोबत सरावासाठीं कांहीं कोष्टकें येतात. त्यांतील एकांत तीस रोपांचीं वाळलेलीं वजनें आहेत: दहा रोपें साधीं, दहांवर पहिला उपचार, दहांवर दुसरा. सरासरी अनुक्रमें ५.०३२, ४.६६१ व ५.५२६. 'एओव्ही' ही आज्ञा दिली कीं गटांमधील प्रचरण १.८८३ व गटांच्या आंतील ०.३८९ असें उत्तर येतें, गुणोत्तर ४.८५. उपचारांचा कांहींच परिणाम नसता, तर केवळ योगायोगानें एवढें किंवा याहून मोठें गुणोत्तर हजारांत सुमारें सोळा वेळां आलें असतें.

येथें आम्हीं एक ठोकर खाल्ली. टंकण्याचा त्रास वांचावा म्हणून गटांस नांवांऐवजीं १, २, ३ असे आंकडे दिले. यंत्रानें ते मापच समजलें, जणूं तिसरा गट म्हणजे पहिल्याच्या तिप्पट खत! गुणोत्तर २.६२ वर उतरलें व फरक नाहींसा झाल्यासारखा दिसला. यंत्र अशा वेळीं हूं कीं चूं करीत नाहीं. खूण एकच: तीन गट असतां स्वातंत्र्यमात्रा दोन हवी, ती एक छापली होती. त्या रकान्यास 'फॅक्टर' म्हणून घोषित करतांच हिशेब जाग्यावर आला.

याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. गटांत फरक आहे एवढ्यावर उठून दुसऱ्या उपचाराची पिशवी विकत आणावी काय? दोन-दोन गटांची तुलना टुकी यांच्या रीतीनें केली, तेव्हां दुसरा उपचार पहिल्याहून सरस ठरला (संभाव्यता ०.०१२), पण साध्या रोपांशीं ताडतां ती ०.१९८ निघाली. म्हणजे कांहींच न करण्यापेक्षां तो बरा, हें या तीस रोपांवरून सिद्ध होत नाहीं. निरुपयोगी आहे, हेंही होत नाहीं. विक्रेता अर्थातच पहिलेंच वाक्य सांगेल.

यंदा हरभऱ्यासाठीं आम्हीं बारा वाफे आखले आहेत: शेजारशेजारच्या सहा जोड्या, प्रत्येक जोडींत एक वाफा जुन्या वाणास, एक नव्यास. हिशेबांत जोडीचाही रकाना धरावयाचा आहे. चिठ्ठ्या घरांतील लहान मुलीकडून उचलविल्या. बाभळीखालचा वाफा नेमका नव्या वाणाच्या वांट्यास आला. तो बदलावा असा मोह झाला होता, बदलला नाहीं.